चौथ्या चाकाचा काळा रंग

॥ श्री ॥
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. ५ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

मायना नीट जमला का ते आधी बघ. मागच्या पत्रात ‘शि.’ राहिलं म्हणून तू पानभर ओरडली होतीस. सातवी पास बाईच्या हाताखाली पत्र लिहायला शिकले, आता चुकले तर नाव तुझंच खराब. तुझे कान गेल्यापासून फोनवर भांडता येत नाही याचं वाईट वाटतं, पण कागदावरचं भांडण जास्त टिकतं हेही खरं. इकडं माझं काम बरं चाललंय. अलॉयच्या चाकांचं काम आता शहरात माझ्याकडंच येतं. शेडवर बाबांचं नाव नाही म्हणून येतं, हे तुला सांगायला नको.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. ते मेंढरं घेऊन धरणाच्या पाण्याकडं गेले की मगच वाच.

परवा शेडपुढं ट्रॉलीवरून एक गाडी उतरवली. दोन दारांची, दोन माणसांची, लाल, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी जपानी स्पोर्ट्स गाडी. तीस वर्षांची तरी असेल. आपल्या जिल्ह्यात तशी दुसरी नाही, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. मागच्या जीपमधून विश्वजीत उतरला. पोट सुटलंय, केस रंगवलेत, आवाज तोच. मला त्यानं ओळखलं नाही. बाबांनी त्याच्या गॅरेजात एकोणीस वर्षं चाकं रंगवली, मी त्यांचा डबा घेऊन रोज तिथं जायची, पण डबा आणणाऱ्या पोरीचं तोंड कोण बघतं!

आत्या, ही तीच गाडी. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी हिची चारही चाकं रंगवली आणि वीस दिवसांत खुलताबादच्या घाटात पुढचं डावं चाक निखळलं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, सोनियाबाईंचा, पाय कायमचा अधू झाला. नट जिथं टेकतो त्या खोलगट जागेला बाबा ‘बैठक’ म्हणायचे. त्या बैठकीत रंग गेला की नट धातूवर न बसता रंगावर बसतो, रंग चुरतो, नट ढिला पडतो. बाबांनी बैठकांत रंग भरला म्हणून चाक निघालं, असं विश्वजीतनं सगळ्या गॅरेजासमोर सांगितलं, चाक मात्र कुणाला दाखवलं नाही. आणि वर म्हणाला, “मेंढरं राखणाऱ्याच्या हाती रंग दिला, ही माझीच चूक.” त्या दिवसापासून शहरात कुणी बाबांना साधं फाटक रंगवायला दिलं नाही. रंगाची गन त्यांनी माझ्या हातात दिली आणि ते तुझ्याकडं निघून आले.

आता तो मला म्हणतो की चाकांचा काळा रंग पापुद्र्यांनी उडालाय, कडा घासल्यात, २८ तारखेच्या आत चारही चाकं नव्यासारखी काळी करून पाहिजेत, घरी कार्यक्रम आहे. अपघातापासून गाडी शेडमध्ये झाकून ठेवली होती म्हणे. नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं आणि काम घेतलं. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. बाबांनी ही चाकं चंदेरी केली होती. मी स्वतः पाण्याचा पाइप धरला होता. काळी कधी झाली?

चाकं माझ्या शेडमध्ये आहेत आणि तो माझ्यावर विसंबून आहे. काय करू ते कळव.

कळावे. आहे तसा लोभ वाढता ठेव.
तुझी,
अक्षदा


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
पैठण
दि. ८ जानेवारी २०२६

चि. अक्षदा हिस,
म्हाळसाबाईचे अनेक उ. आ. वि. वि.

मायना ठीक. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. तुझं पत्र मी गोठ्यामागं बसून तीनदा वाचलं. दुपारची भाकरी गेली नाही, पण वाईट वाटून नाही. बरं वाटून.

पोरी, देव उशिरा देतो पण हातात आणून देतो. एकादशीला मी खंडोबाकडं शांती मागते आणि द्वादशीला विश्वजीतचं वाटोळं. अकरा वर्षं दोन्ही मागितलं, त्यातलं एक आता चार चाकांवर बसून तुझ्या दारात आलंय. तू काय करू म्हणून विचारतेस? मी तुझ्याएवढी असते आणि हातात ती गन असती तर पत्र लिहीत बसले नसते.

भिकनला सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. माझा भाऊ आहे, पण त्याच्यासारखा थंड माणूस मी मेंढरांतही पाहिला नाही. विश्वजीतचं नाव निघालं की उठून जातो. दर चंपाषष्ठीला जेजुरीला नाही जमलं तर इथल्या देवळात भंडारा उधळतो, आणि तो कशासाठी, तर म्हणे त्या बाईच्या पायाला आराम पडावा म्हणून! मी म्हटलं, अरे, तुझी भाकरी ज्यानं काढून घेतली त्याच्या बायकोसाठी भंडारा? एवढं माफ करायला संत असावं लागतं आणि संतांना घरात ठेवणं फार जड जातं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातो आणि वर मारणाऱ्याच्या हाताला फुंकर घालतो.

आठवतं ना, भिकन बैठका झाकायला माझ्याकडून काळ्या मेंढीची लोकर न्यायचा? सगळं गॅरेज चिकटपट्टी लावायचं आणि हा लोकरीला तेल लावून, बोळा वळून, एकेका बैठकीत बसवायचा. पट्टी सुटते, बोळा सुटत नाही म्हणायचा. सगळे हसायचे. तो विश्वजीत तर म्हणाला होता की धागा अडकून नट सैल पडले असतील. उचलली जीभ लावली टाळ्याला.

या पत्राबरोबर एसटीच्या कंडक्टरच्या हाती लोकर पाठवते आहे. तुझ्या बाकीच्या कामांना होईल. या गाडीला त्यातला एक बोळासुद्धा वापरू नकोस. तो म्हणाला ना, आपण बैठकांत रंग भरतो? मग एकदा खरंच भर. खोटा आळ घेऊन आपण म्हातारे झालो, निदान तो खरा तरी होऊ दे.

अंगात स्वेटर घालत जा. रंगाच्या वासानं खोकला वाढतो.

लोभ आहेच, तो कमी होणार नाही.
तुझी आत्या,
म्हाळसाबाई


॥ श्री ॥
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. १३ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

लोकर पोचली. स्वेटर घालते. आता नीट बस आणि पुढचं वाच.

तीन चाकांना रंग काढायचं रसायन लावलं. तासाभरात सगळे थर एकदम सुटून आले, ते धुऊन टाकले. चौथं चाक म्हणजे पुढचं डावं. तेच, निखळलेलं. त्याची कड घाटातल्या डांबरावर घासून करवतीसारखी झालीय आणि ढिल्या नटांनी खाऊन खाऊन चारही बैठका लांबट झाल्यात. एवढं दुखावलेलं चाक म्हणून रसायन नको वाटलं. पाणी सोडत बारीक पेपरनं हलक्या हातानं घासायला बसले. असं घासलं की कांदा आडवा चिरल्यासारखी रंगांची वर्तुळं दिसतात. वर काळा, त्याखाली बाबांचा चंदेरी, त्याखाली कंपनीचा राखाडी, मग धातू.

एका बैठकीपाशी माझा हात थांबला. चंदेरी रंग बैठकीच्या काठापर्यंत आलाय आणि तिथं गोल कापल्यासारखा थांबलाय. आत थेंबभरही नाही. काळा मात्र काठ ओलांडून आत उतरलाय आणि तळाशी साचून जाड झालाय. नटांनी जेवढा खाल्ला नाही तेवढा अजून तिथं आहे. भिंग घेऊन पाहिलं. चंदेरीच्या काठात, रंगात रुतलेला, तिळाएवढा लोकरीचा केस आहे. त्याच्यावरून काळा रंग गेलाय.

तुला समजलं ना? बाबांनी बोळे लावले होते. काम चोख केलं होतं. त्यानंतर कुणीतरी वरून काळा मारला, काही न झाकता. आणि हा काळा अपघातानंतर मारलेला नाही, कारण डांबरावर घासल्याच्या आणि नटांनी खाल्ल्याच्या जखमा काळ्यातून खाली गेल्यात. काळा आधी, जखमा नंतर. म्हणजे त्या वीस दिवसांतच कुणीतरी घरच्या घरी स्प्रेचा डबा फवारला.

कुणी, तेही मला लगेच कळलं. मी विश्वजीतला फोन करून सांगितलं की चौथं चाक बाद आहे, बैठका लांबल्यात, हे गाडीला लावू नका, जुन्या बाजारातून दुसरं मिळतं का बघा. तर तो हसला. म्हणाला, “पुट्टी भर आणि सगळीकडं रंग मार. नटाखाली काय आहे ते कोण बघतंय?” आत्या, हे वाक्य त्यानं इतक्या सहज म्हटलं की ते त्याच्या तोंडात अकरा वर्षं तसंच असणार. स्वतः केलं, निस्तरता येईना, तर बाबांच्या अंगावर ढकललं. चोराच्या उलट्या बोंबा.

मी फोन ठेवला. त्याचं घर जाळावं असं वाटलं. दुसरं काही वाटलं नाही.

बाकीच्या तीन चाकांवरचा पुरावा मीच धुऊन टाकला, या मूर्खपणाबद्दल मला शिव्या घाल. हे एकच उरलंय.

लोभ असू दे, आज त्याची गरज आहे.
तुझी,
अक्षदा


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
पैठण
दि. १६ जानेवारी २०२६

चि. अक्षदा हिस,
म्हाळसाबाईचे अनेक उ. आ. वि. वि.

शिव्या घालत नाही. पत्र वाचून मी देवघरापुढं बसले आणि हात जोडायचे राहून मुठी वळल्या. तुझी आई असती तर तिनं तुला शांत हो म्हणून लिहिलं असतं. ती भली होती. मी नाही.

पुराव्याचं काय लोणचं घालायचं? तू तो कुणाला दाखवणार? पोलीस म्हणतील अकरा वर्षं झाली. गॅरेजवाले म्हणतील बापाची पोरगी आहे, बापाचंच बोलणार. त्याच्याकडं जमीन आहे, माणसं आहेत. आपल्याकडं एक लोकरीचा केस आहे.

तेव्हा मी सांगते तसं कर. वेगळं काही करूच नकोस. तो म्हणाला ना, पुट्टी भर आणि सगळीकडं रंग मार? तर तसंच कर. त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस, एक शब्द वाकडा बोलू नकोस. तू सांगितलं होतंस की चाक बाद आहे, तुझं कर्तव्य झालं. मालकानं सांगितलेलं काम कामगारानं केलं तर त्यात पाप कसलं? सुंठीवाचून खोकला जात असेल तर जाऊ दे.

भिकन आज विचारत होता की पोरीची पत्रं हल्ली सारखी येतात, बरी आहे ना. मी म्हटलं लग्नाचं बघतेय. हसला बिचारा. बऱ्याच दिवसांनी हसला.

मायेत अंतर नाही, हे तुला ठाऊक आहे.
तुझी आत्या,
म्हाळसाबाई


पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. २० जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सा. न.

तीन चाकं झाली. आरशासारखी काळी. बोळा लावला नाही, पट्टी लावली नाही. बाराही बैठका रंगानं भरल्या, दोन-दोन हात दिले.

आज विश्वजीत बघायला आला आणि फार खूश झाला. म्हणाला, शहरात असं काम कुणी करत नाही. मग बोलता बोलता कार्यक्रम काय आहे ते सांगितलं. २८ तारखेला त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. अपघातानंतर सोनियाबाई या गाडीत बसलेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना शेजारी बसवून त्याच घाटातून खुलताबादला नेणार आहे. त्यांची भीती मोडायची म्हणे.

तो गेल्यावर मी त्या बाईचा विचार करून पाहिला. केला आणि सोडून दिला. अकरा वर्षांत तिनं एकदा तरी विचारलं का, की तो रंगारी कुठं गेला, काय खातो? तीही त्याच घरातली. त्याचं मीठ खाते तर त्याच्या शेजारी बसू दे.

चौथं चाक उद्या भरते. केस झाकला जाईल. जाऊ दे. मला आता पुरावा नको, फिट्टंफाट पाहिजे.

पत्र वाचून चुलीत घाल.
अक्षदा


॥ श्री ॥ श्री ॥ श्री ॥
पैठण
दि. २२ जानेवारी २०२६

चि. अक्षदा हिस,
म्हाळसाबाईचे अनेक उ. आ. वि. वि.

वर तीनदा श्री लिहिला आहे, आधी तो बघ आणि मग मला सांग की तुझ्या पत्रावर तो का नव्हता.

काल दुपारी कंडक्टरनं पत्र दिलं. मी नेहमीप्रमाणं आधी मायना बघितला. वर श्री नाही. नमस्कारही धड नाही. श्री नसलेलं पत्र कसलं असतं ते मीच तुला शिकवलंय. घरातलं माणूस गेलं की लोक तसं लिहितात, आणि असलं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. मी अंगणातच उभी राहिले. वाटलं, चाक निघालं. गाडी द्यायला अजून आठवडा होता हे डोक्यात आलंच नाही. वाटलं, ती बाई गेली, नाहीतर दोघंही गेली, आणि त्यात तुझं काही झालं असेल तर?

जे मी द्वादशीला मागत होते ते हातात आलं होतं, आणि माझ्यानं ती घडी उलगडवेना. खोटं कशाला सांगू, मी घाबरले.

भिकन वाड्यात कोकरं कोंडत होता. मी पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, तू वाच, कोण गेलं तेवढं सांग. तो वाचत सुटला. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग मला ऐकू येत नाही हे विसरून बरंच काही बोलला. ओठांवरून एवढंच कळलं की कुणी गेलेलं नाही. त्यानं हातातली काठी माझ्याकडं दिली, आहे त्या कपड्यांत रस्त्याला लागला आणि एसटीत चढला. हे पत्र पोचेपर्यंत तो तुझ्यासमोर असेल. मागची पत्रं त्यानं पाहिलेली नाहीत, तो केस कसला ते त्याला ठाऊक नाही.

विश्वजीतवरचा माझा राग तांदळाएवढाही कमी झालेला नाही, हे लिहून ठेवते. पण मी तुला जे कर म्हणाले ते करू नकोस. केलं असशील तर मोड. माझ्या हातून मेंढरू कापवत नाही आणि मी तुला माणसं कापायला सांगत होते.

लोभ ठेव, मी त्याला पात्र नसले तरी.
तुझी आत्या,
म्हाळसाबाई


॥ श्री ॥
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. २४ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

श्री विसरले नव्हते. पेन टेकवलं होतं. पण खाली जे लिहायचं होतं त्याच्या वर देवाचं नाव लिहायला हात झाला नाही. तुला असा धक्का बसेल हे सुचलं नाही. चुकले. पण त्या चुकीमुळं काय वाचलं ते वाच.

बाबा आले तेव्हा मी चौथ्या चाकासाठी पुट्टी कालवत होते. अंगाला मेंढरांचा वास, पायात चप्पल कुठली कुठं. भिंतीला लावलेल्या तीन चाकांपाशी उकिडवे बसले आणि एकेका बैठकीत करंगळी फिरवली. बारा बैठका. मग माझ्याकडं न बघता हात पुढं केला, खरवडायला पातं मागितलं. माझी मान खाली गेली. मी म्हटलं, बाबा, आधी हे चौथं बघा, मग मला काय मारायचं ते मारा.

ते चाक उचलून दारात उजेडाला घेऊन गेले. मी भिंग दिलं. काळा कुठं उतरलाय, चंदेरी कुठं थांबलाय, ते दाखवायची गरज नव्हती. त्यांचंच काम ते. पण केस दिसल्यावर त्यांचा हात थांबला. मग माझ्याकडं वर बघून म्हणाले, “म्हंजी म्या नव्हतो ते?”

आत्या, अकरा वर्षं आपल्या दोघींना वाटत होतं की यांनी माफ केलंय. तुला त्याचा राग यायचा, मला लाज वाटायची. त्यांनी कुणालाही माफ केलेलं नव्हतं. सोळा बोळ्यांतला एखादा आपल्याच हातून राहिला असेल असं ते धरून चालले होते. रोज मेंढरांमागं फिरताना ते सोळा बोळे मनात परत लावून बघायचे म्हणाले, आणि रोज एक कमी पडायचा. म्हणून तो भंडारा. आपण संत संत म्हणत होतो आणि घरात एक माणूस स्वतःला शिक्षा भोगायला लावत होता. मग ते रडले. एवढ्या मोठ्यानं की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली.

रडून झालं, तोंड धुतलं आणि मग जे बोलायला लागले ते ऐकून मी घाबरले. असा राग मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. इतके दिवस तो स्वतःवर खर्च होत होता, आता त्याला दुसरा मालक मिळाला. मी म्हटलं, चाकाचा व्हिडिओ करू, सगळ्या गॅरेजवाल्यांना दाखवू, गावभर करू. ते म्हणाले, “गावाला काय दाखवायचं? गाव चार दिस बोलंल. तो रोज ज्या माणसाला तोंड दावतो, तिला दावायचं.”

मग आम्ही दोघांनी बसून बाराही बैठका खरवडल्या, पार धातूपर्यंत. तुझ्या लोकरीचे बोळे बाबांनी वळले. बोटांना सगळं आठवत होतं. तीन चाकं पुन्हा केली आणि ती इतकी चांगली झालीत की विश्वजीतला द्यायची इच्छा होत नाही. चौथं तसंच ठेवलंय, ओल्या फडक्यात.

मी सोनियाबाईंच्या घरी फोन केला. गाडीत तुम्ही बसणार आहात, तर गाडी घ्यायला तुम्हीच या, म्हणून सांगितलं. २७ तारखेला येतात. पुढचं पत्र बाबा लिहिणार म्हणतात.

तुझ्यावर राग नाही. मी तेवढीच भागीदार होते.
लोभ आहे, तो तसाच राहू दे.
तुझी,
अक्षदा


॥ श्री ॥
पुंडलिकनगर
दि. २९ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
भिकनचा सा. न. वि. वि.

मला मायना येत नाही. पोरीनं सांगितला तसा लिहिला आहे. कोकरांना सकाळी लवकर सोडू नकोस, दव असतं.

परवा ती दोघं आली. बाई काठी टेकत आली. केस पांढरे झालेत. विश्वजीतनं मला बघितलं आणि आधी त्याचा चेहरा उतरला, मग हसला. भिकन, झालं गेलं गंगेला मिळालं, असं काहीतरी म्हणत खांद्यावर हात ठेवला. मी तो हात उचलून खाली सोडला. एकोणीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

स्टुलावर चौथं चाक ठेवलं होतं. मी बाईला म्हणालो, तुम्ही बघा, मी बोललो तर मेंढरं राखणाऱ्याचं बोलणं होईल. पोरीनं भिंग दिलं. बाईला रंगातलं काही कळत नाही, पण डोळे आहेत. चंदेरी इथं थांबला, काळा इथं आत गेला, हा लोकरीचा केस, आणि ही जखम काळ्याच्या वरून. मी बोट लावत गेलो, ती बघत गेली. मी सांगितलं की माझं काम चंदेरी. ती म्हणाली, हो, गाडी घरी आली तेव्हा चाकं चंदेरी होती, मला आठवतं.

मग तिनं नवऱ्याला विचारलं की काळा कुणी मारला. तो म्हणाला, ड्रायव्हरनं मारला असेल, इतकी वर्षं झाली, कुणाला आठवतं. मग ती म्हणाली, “काळ्या रंगाचे डबे मीच आणून दिले होते. तू म्हणालास, फाटकाला पाहिजेत. आपलं फाटक आजही पांढरं आहे.”

अक्का, त्याचं तोंड मी नीट बघून घेतलं. तू तिथं नव्हतीस म्हणून तुझ्या वाटचंही बघितलं. तो म्हणायला लागला की मुद्दाम केलं नाही, चंदेरी आवडला नाही म्हणून मारला, नंतर घाबरलो. तसं असेल. मुद्दाम कुणी चाक काढत नाही. पण माझ्यावर ढकलताना तो घाबरलेला नव्हता. तेव्हा त्याचा आवाज चांगला खणखणीत होता.

बाईनं मला एकच विचारलं. अकरा वर्षांत एकदाही सांगायला का आला नाहीत. मी म्हणालो, मला वाटलं मीच होतो. तिनं काठी बगलेत धरून मला हात जोडले. मग पोरीला रिक्षा बोलवायला सांगितली. तो गाडीचं दार उघडून उभा राहिला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. चौथं चाक रिक्षात ठेवायला लावलं आणि ते घेऊन गेली. गाडी इथंच आहे, तीन चाकांवर आणि एका जॅकवर. २८ तारीख काल गेली.

काल संध्याकाळी तो एकटा आला. दाढी न केलेली. म्हणाला, तिनं ते चाक दिवाणखान्यात मधोमध ठेवलंय, येणारा जाणारा विचारतो आणि ती प्रत्येकाला सांगते. त्याच्याशी मात्र बोलत नाही. रडला. माझ्या पायाशी वाकला. म्हणाला, भिकन, एकदा घरी ये आणि तिच्यासमोर म्हण की माफ केलं, म्हणजे ती बोलेल.

तू मला जन्मभर थंड म्हणालीस. मी त्याला उठवलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणालो, “मालक, अकरा वर्षांनी या.”

बाकी ठीक. लोभ करतेसच, तो करत राहा.
तुझा भाऊ,
भिकन